परक्या देशात दूरध्वनियंत्र विकावयाचे तर

अमेरिकेतील दुकानात उघडपणे विकला जाणारा घरगुती बिनतारी दूरध्वनी भारतात विकण्यास मनाई का असावी? वस्तू तीच, बनविणाराही तोच. मग हा सरकारी छळच नव्हे काय, असे पुष्कळांस वाटते. आम्ही सोलापुरात कामगारांत वावरणारी माणसे, शिक्क्यांचा आम्हांस स्वभावतःच संशय. परंतु या शिक्क्यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे.

लहरींनाही शेतासारखे बांध असतात. १८६५ साली पॅरिस येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघाने त्यासाठी जगाचे तीन विभाग पाडले आहेत. अमेरिका खंड दुसऱ्यात, भारत तिसऱ्यात. ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा अमेरिकेत घरगुती उपकरणांना मोकळा आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ या पट्ट्यातून मोबाइल फोन मनोऱ्याशी बोलतात. तिकडचा दूरध्वनी कोणी हौसेने सामानातून आणून येथे लावला, तर तो मनोऱ्याच्या कानाशी ओरडत बसावयाचा! आसपासच्या गल्ल्यांतले फोन अडखळतील, आणि कोणामुळे, हे कोणास कळणारही नाही.

यास्तव लहरी वापरणाऱ्या यंत्राला दूरसंचार खात्याच्या बिनतारी शाखेची संमती लागते. मोबाइल फोनची सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी लागते. जाळ्यास जोडावयाच्या यंत्रांच्या सक्तीच्या तपासणीचे नियम २०१७ साली झाले, आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू होत गेले.

बरे, एका देशात उत्तीर्ण झालेले यंत्र दुसऱ्या देशात आपोआप उत्तीर्ण होते असेही नाही. फोनमधून शरीरात शिरणाऱ्या शक्तीची मर्यादा युरोपात किलोमागे २ वॅट, तीही १० ग्रॅम पेशींची सरासरी धरून. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून ती १.६ वॅट, आणि सरासरी अवघ्या १ ग्रॅमची. मोजमापच निराळे, तेव्हा परीक्षाही पुन्हा.

युरोपात बहुतेक यंत्रांबाबत उत्पादकच नियम पाळल्याचे जाहीर करून आपली खूण उमटवतो. सरकार मागाहून बाजारातील माल उचलून तपासते. हे स्वस्त खरे. पण सुरक्षिततेची हमी मालकाच्या सहीवर सोडल्याने काय होते, हे आमच्या गिरणीकामगारांना विचारावे.

तथापि सरकारी परीक्षेतही एक अन्याय आहेच. प्रयोगशाळेची फी यंत्राच्या नमुन्यावर बसते, विकलेल्या नगांवर नव्हे. लाख नग विकणाऱ्या कंपनीला ती जाणवतही नाही. शंभर नग बनविणाऱ्या छोट्या कारखानदाराला मात्र ती दर नवीन देशागणिक पुन्हा भरावी लागते. दोन देशांनी एकमेकांचे अहवाल मान्य करण्याचा करार केला, तरच त्यातून त्याची सुटका होते.