जमीन जागेवर, उतारा गहाळ

जुन्या मराठी मासिकांची स्कॅन केलेली पाने ज्या सर्व्हरवर आहेत, तो मी सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी नवी डिस्क जोडताना एका सहकाऱ्याने चुकून जुन्याच डिस्कची ओळखखूण पुसली. सर्व्हर पुन्हा सुरू केला, तर पानांचा साठा उघडेना. पाने गेली, असेच सर्वांनी धरले. ती गेली नव्हती. का, ते समजून घेण्यासारखे आहे.

लिनक्सवर डिस्क आणि फाइली यांच्यामध्ये ‘एलव्हीएम’ नावाची व्यवस्था ठेवता येते. तिची पहिली आवृत्ती हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ साली लिहिली. या व्यवस्थेत अनेक डिस्कचा एक गट होतो आणि त्या सामाईक जागेतून हवे तेवढे खंड पाडता येतात. जागेचे माप एरवी ४ एमबीचा तुकडा. १,०२४ जीबीत असे २,६२,१४४ तुकडे बसतात. कोणता तुकडा कोणत्या खंडात कितवा, हे एका नोंदीत असते. खंड वाढवताना आधीचा मजकूर हलत नाही. नोंदीत फक्त नवे तुकडे चढतात. शेतजमीन एकीकडे आणि सातबारा दुसरीकडे, तसेच हे.

ही नोंद साध्या, वाचता येणाऱ्या मजकुरात असते. ती डिस्कच्या आरंभी राहतेच, शिवाय सर्व्हरच्या ‘ईटीसी’ फोल्डरातील ‘एलव्हीएम’मध्येही तिच्या प्रती असतात: ‘बॅकअप’मध्ये चालू स्थिती, ‘आर्काइव्ह’मध्ये प्रत्येक बदलापूर्वीची. घाईत मी आर्काइव्हमधली शेवटची फाइल उचलली. तिच्या आरंभीची ओळ वाचली आणि हात थांबला. ती नोंद खंड वाढवण्याच्या आदेशाआधीची होती. ती लावली असती, तर वाढीव भागातली पाने खंडाबाहेर राहिली असती.

मग क्रम असा ठेवला. आधी त्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढली. ‘पीव्हीक्रिएट’ला बॅकअपमधली फाइल आणि तीत लिहिलेला ओळखक्रमांक देऊन डिस्क पुन्हा नोंदवली, नव्या क्रमांकाने गटाने तिला ओळखलेच नसते. ‘व्हीजीसीएफजीरिस्टोअर’ने नोंद परत बसवली, खंड सुरू केला आणि काहीही न लिहिता फाइलव्यवस्था नुसती तपासली. हरवलेली डिस्क गटातून काढून टाकणारा आदेशही असतो, आणि अशा वेळी त्याचा मोह होतो. तो दिला नाही, हे बरे झाले.

सगळी पाने परत मिळाली. मात्र उतारा सापडला म्हणून वाहून गेलेली माती परत येत नाही. डिस्कच जळाली असती, तर ती नोंद निरुपयोगी होती. आता पानांची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत असते आणि त्या लहानशा फोल्डरचीही. तोवर तो फोल्डर फक्त त्याच सर्व्हरवर होता. तिजोरीची किल्ली आम्ही तिजोरीतच ठेवली होती.