डुगडुगणारे शौचपात्र

नवे घर विकत घेताना माणूस भिंतींचा रंग पाहतो, खिडकीतला वारा पाहतो. शौचपात्र हलते की काय, हे सहसा कोणी पाहत नाही. पुढे त्याच्या बुडाशी ओल दिसली, की भोवती सिमेंट थापून गृहस्थ निश्चिंत होतो. त्याने गळती थांबत नाही, केवळ दृष्टीआड होते. आणि खालच्या बिऱ्हाडाचे छत ओलावू लागते.

म्हणून प्रथम निदान करावे. लादी कोरडी करून टाकीत थोडा रंग मिसळावा. पाणी सोडण्यापूर्वीच रंग पात्रात उतरला, तर दोष टाकीच्या झडपेत आहे. वरचे सांधे कोरडे असून, पाणी सोडताच रंग बुडाशी झिरपला, तर पात्र व मलनलिका यांचा सांधा सुटला असे समजावे. मग पात्र उचलून सांधा नव्याने भरावा. बोल्ट आळीपाळीने व बेताने आवळावेत; अतिरेकाने चिनी माती तडकते.

लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने 1775 साली वाकड्या नळीत पाणी राखून दुर्गंधी अडविण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. आजही घराचे रक्षण तेच ओंजळभर पाणी करते. मात्र त्याच्या पलीकडचा सांधा सुटला, तर गटारातील वायू त्या फटीतून घरात शिरतो.