गोळ्यांविना आटोक्यात राहणारा एचआयव्ही

अर्जेंटिनातील एस्पेरान्झा येथील एका महिलेला २०१३ साली एचआयव्हीचे निदान झाले. गरोदरपणातले काही महिने सोडले तर तिने औषध घेतले नाही, तरी रक्तात विषाणू सापडेना. २०२० साली बाळही एचआयव्हीमुक्त जन्मले. तिच्या १०० कोटींहून अधिक पेशी तपासूनही नव्या प्रती काढू शकेल असा एकही अखंड विषाणू मिळाला नाही. औषधाविना विषाणू दाबून ठेवणारे लोक बाधितांत १ टक्क्याहूनही कमी. पण त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक भरते. एवढ्या थोडक्या लोकांचा अभ्यास कशाला, असे कुणी विचारील. इथे काम शरीरानेच केले आहे आणि ते कसे केले याचा माग लागतो आहे, म्हणून. एचआयव्ही सीडी४ या प्रतिकारपेशीच्या डीएनएत आपली जनुके घुसवून दडतो. त्यामुळे गोळ्या थांबल्या की बहुतेकांत काही आठवड्यांतच तो उसळतो. २०२० साली औषधाविना विषाणू दाबणाऱ्या ६४ जणांच्या पेशी पाहिल्या, तेव्हा उरलेसुरले अखंड विषाणू बरेचदा डीएनएच्या निद्रिस्त भागांत अडकलेले दिसले. जागत्या भागांत दडलेले विषाणू प्रतिकारशक्तीने वर्षानुवर्षे वेचून संपवले असावेत.

यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक का, याचाही एक धागा दिसतो: विषाणूची चाहूल घेणारे टीएलआर७ हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि स्त्रियांच्या काही पेशींत त्याच्या दोन्ही प्रती चालू राहतात. लागणीनंतर सुरुवातीला स्त्रियांच्या रक्तात पुरुषांपेक्षा कमी विषाणू आढळतात, त्यामागे हेही एक कारण असावे. मग स्त्रियांना एड्स उशिरा होतो का? नाही, उपचार नसतील तर तो जवळपास पुरुषांइतक्याच वेगाने गाठतो, कारण सतत चेतलेली प्रतिकारशक्ती शरीरालाच झिजवते. हे खरे आहे, पण त्यामुळे अभ्यासाची गरज वाढतेच: हे चेतणे कुठवर तारक आणि कुठून मारक, हे स्त्रियांना वगळून कसे कळणार? जगातील बाधितांत निम्म्याहून अधिक स्त्रिया असताना, एचआयव्ही समूळ बरा करण्याच्या प्रयोगांत त्या जेमतेम ११ टक्के असल्याचे २०१६च्या एका आढाव्यात दिसले. गर्भधारणेचा धोका हे कारण सांगितले जाते. पूर्ण माहिती, संमती आणि गर्भनिरोधनाची सोय देऊन तो सांभाळता येतो. सरसकट वगळणे हा अन्यायच आहे.

अशा बातम्यांनी कुणी गोळ्या सोडील, ही भीती मात्र रास्त आहे. दबलेला विषाणूही शरीरात दाह चालू ठेवू शकतो, आणि काहींचा ताबा पुढे सुटतो. भारतात २०१७पासून सीडी४ पेशींची संख्या कितीही असो, एचआयव्हीची औषधे देणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रात उपचार मोफत सुरू होतात. ज्यांचा विषाणू आपसूक दबलेला आहे, त्यांनीही औषधाचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा असतो.