दूरच्या ग्रंथालयातील सहा पाने

खानापूरच्या जंगलपट्ट्यातील एका शेतकऱ्यास सर्पदंश झाला होता. प्रतिविष देऊनही रक्त गोठेना, लघवी घटत चालली. नातेवाइकांनी आणलेला मृत साप नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांपैकी नव्हता. त्याचे नाकाड वर वळलेले होते. आपले प्रतिविष या चौघांपुरतेच असते. केरळातील अशाच रुग्णांवरील २००७ सालचा निबंध संगणकावर सापडला, पण केवळ सारांश. प्रतिविष निष्प्रभ ठरल्याचे त्यात होते. तरी ते थांबवायचे, तर प्रत्येक रुग्णाचा क्रम मला पाहायचा होता.

परिचयातील एका ग्रंथपालांनी लेखक, नियतकालिक, खंड व पृष्ठे अचूक लिहून मागितली. सामायिक सूचीत अंक कोणाकडे आहे ते पाहून त्यांनी त्या ग्रंथालयाला विनंती पाठविली. आंतरग्रंथालयीन देवघेव ती हीच! पूर्वी ग्रंथ टपालाने जात. आता बहुधा लेखाची प्रतच संगणकावरून येते, तीही स्वतःच्या अभ्यासापुरती. दुसऱ्या सायंकाळी सहा पाने हाती आली. प्रतिविष थांबवून आम्ही डायलिसिसकडे वळलो.

दिल्लीत १९८८ पासून डेलनेट व आपल्या राज्यात २००३ पासून राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे हेलिनेट अशी जाळी उभी राहिली. सभासदत्व मात्र संस्थांचे. शहापुरात एकट्याने दवाखाना चालविणाऱ्यास हे दार एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालामार्फतच उघडते. त्यांची ओळख अडचणीपूर्वीच करून घ्यावी.