मार खाणाऱ्याची फिर्याद



"नशेबाजाला मार बसला तर बिघडले काय?" असे कांदिवलीच्या कामगार वस्तीत आम्हांला पुष्कळदा ऐकावे लागते. आज त्याचेच उत्तर देणार आहोत.

व्यसनी म्हटला की डोळ्यांपुढे दारुडा येतो. दारू माणसाला लोळवते. मेफेड्रोन, ज्याला पोरे 'एमडी' म्हणतात, ते त्याला जागे ठेवते. अंमल थोड्या तासांत उतरतो, म्हणून माणूस पुन्हा घेतो. दोनतीन रात्री झोप नसली की मनात संशय शिरतो. ही पूड शहरापुरती राहिलेली नाही. २०२३ साली साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळ शिंदे गावात तिचा कारखाना पकडला. २०२४ साली दौंड तालुक्यात कुरकुंभला दुसरा सापडला.

आमच्या वस्तीतल्या एका गाडीचालकाला घरच्यांनी सुधारण्यासाठी गावी धाडले. रात्री झोपेविना भटकताना लोकांनी त्याला चोर समजून झोडपले. पुढे एका केंद्रात त्याला साखळीने बांधून ठेवले. परतला तेव्हा मनगटांवर वण होते. आम्ही म्हटले, फिर्याद दे. तो म्हणाला, "भाऊ, कुठल्या तोंडानं देऊ? पहिल्यांदा मलाच विचारतील, तू काय घेतलं होतंस?"

ही भीती पोकळ नव्हती. अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम २७ नुसार सेवन हाच गुन्हा आहे. त्यातून लहान गावात मारणारा आणि साक्षीदार बहुधा एकमेकांचे सोयरेच. मग तक्रार होत नाही आणि मारणाऱ्याचे धैर्य वाढते.

परंतु त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वखुशीने सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पुरे केले, तर त्या गुन्ह्याच्या खटल्यातून तो सुटतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाशी निगडित मनोविकारही आपल्या कक्षेत घेतले, आणि कलम ९५ ने रुग्णाला साखळीने बांधण्यास साफ मनाई केली. उपचाराची माहिती १४४४६ या सरकारी दूरध्वनीवर मोफत मिळते.

कामगारावर आळ आला तर चौकशीत त्याच्या शेजारी कोणीतरी आपला माणूस बसावा, हे आम्ही संघटनेत शिकलो. इथेही तेच करावयाचे आहे. तो चालक आता सरकारी रुग्णालयात उपचार घेतो. फिर्याद मात्र राहून गेली, कारण त्याच्याबरोबर गावी जाण्यास आम्ही सवड काढली नाही. ही चूक आमची. ती आपण करू नये.