खोडदची जाळी

नारायणगावच्या स्टँडवर परका माणूस उतरला की तो दोन कामांसाठी आला असणार, असं रिक्षावाले धरून चालतात. एक तर टोमॅटोच्या बाजारात जायचं असेल, नाहीतर गावच्या जत्रेसाठी तमाशा ठरवायचा असेल. तमाशाच्या राहुट्या पडायला अजून अवकाश होता आणि माझ्या अंगावरचे कपडे काही व्यापाऱ्याचे नव्हते. "खोडदला, दुर्बिणी बघायला," असं मी सांगितल्यावर रिक्षावाला हसला. "मग बरोबर दिवशी आलात. आज जत्राच हाये तिथं."

तारीख होती 28 फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. एरवी शांत असलेलं हे ठिकाण या दिवशी सगळ्यांना खुलं असतं. पुरवणीचं पान भरायचं होतं आणि संपादकांनी "जगातील सर्वांत मोठी दुर्बीण, एवढं आलं की झालं," असं फोनवर सांगून टाकलं होतं. आपल्याकडे कुठल्याही गोष्टीवर लिहायचं तर ती आधी जगातली, नाहीतर निदान आशियातली सर्वांत मोठी असावी लागते.

पूर्वेला गाडी वळली की डावी-उजवीकडे द्राक्षबागा, कांदा, मधूनच उसाचा फड. आणि मग उसाच्या शेंड्यांवर एकदम एक पांढुरकं, जाळीदार काहीतरी दिसतं. पहिल्यांदा वाटतं, पाण्याची टाकी असेल. जवळ गेल्यावर कळतं की ही 45 मीटर व्यासाची तबकडी आहे आणि तिच्यातून पलीकडचं आभाळ आरपार दिसतंय. अशा 30 तबकड्या. त्यांतल्या 14 साधारण एक चौरस किलोमीटरच्या आवारात दाटीने उभ्या आहेत. उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांसारख्या शेताशेतांतून लांबवर गेल्या आहेत. टोकाच्या दोघींमधलं अंतर 25 किलोमीटर भरतं. सगळ्यांच्या तोंडांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर पावणेपाच हेक्टर, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबात बारा एकराला थोडं कमी. तेवढ्यात पीक कसलं येतं, ते पुढे सांगतो.

इतिहास उरकून घेतो. प्रकल्पाचं नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, तोंडी नाव जीएमआरटी, गावकऱ्यांच्या बोलण्यात नुसता 'प्रकल्प'. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खभौतिकी केंद्राने तो नव्वदच्या दशकात उभारला. केंद्र पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात आहे. सगळ्यामागचा माणूस म्हणजे गोविंद स्वरूप. जन्म 1929चा, उत्तर प्रदेशातला. 2020च्या सप्टेंबरमध्ये पुण्यात गेले. त्यांनी निलगिरीच्या उतारावर उटीची 530 मीटर लांबीची दुर्बीण उभी केली, तीही अशी की डोंगराचा उतार त्या जागेच्या अक्षांशाइतका असल्याने तिचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर आला. जमिनीनेच अर्धं काम केलं! हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पण त्याआधीची एक गोष्ट मला तिथल्या तक्त्यांसमोर उभा असताना आठवली, आणि शेजारच्या कल्याणच्या पाहुण्यांना सांगितली तर त्यांचा विश्वास बसेना. ऑस्ट्रेलियात मोडीत निघणार असलेल्या सहा फुटांच्या 32 छोट्या तबकड्या स्वरूप यांच्या खटपटीने भारताला मिळाल्या आणि 1965 साली त्या मांडल्या गेल्या त्या कल्याणला. सूर्याचा अभ्यास करायला. लोकलच्या गर्दीसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात आपल्या रेडिओ खगोलशास्त्राचा पाळणा हलला, याची एखादी खूण तिथे असायला हवी होती.

असो. खरी गाठ पडली ती एका तबकडीच्या सावलीत.

शाळेच्या पोरांचा घोळका होता. एका मुलीने विचारलं, "एवढी भोकं आहेत, मग लहरी गळून नाही का जात?" उत्तर द्यायला उभा असलेला तरुण संशोधक तरंगलांबीपासून सुरुवात करणार, तेवढ्यात मागून एक गृहस्थ पुढे आले. डोक्यावर टोपी, पांढरा सदरा, साठीच्या आसपास. ते म्हणाले, "बाळ, बाजंवर झोपतेस ना? तिला पण भोकं असतात. तू पडतेस का खाली?"

पोरगी हसली, संशोधकही हसला. त्यानेच मग सांगितलं की उदाहरण अगदी बरोबर आहे. या दुर्बिणी ज्या लहरी टिपतात त्या 21 सेंटीमीटरपासून दोन-अडीच मीटर लांबीच्या असतात. जाळीचं घर मधल्या भागात 10 मिलिमीटरचं, मग 15चं, कडेला 20चं. एवढ्या मोठ्या लहरीला ते भोक दिसतच नाही, तिला जाळी ही भिंतच वाटते. वारा मात्र आरपार निघून जातो. भरीव पत्र्याची एवढी मोठी तबकडी केली असती तर ती वाऱ्यात शिडासारखी फुगली असती, ती धरून ठेवायला लोखंड कितीतरी जास्त लागलं असतं आणि खर्च आवाक्याबाहेर गेला असता. स्वरूप यांची युक्ती हीच. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड, 0.55 मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची तार घ्यायची, तिची जाळी करायची, आणि ती ताणलेल्या तारदोरांच्या चौकटीवर बांधायची. दोर ताणला की सपाट तुकडे मिळून हवा तो खोलगटपणा येतो.

हे गृहस्थ, त्यांना सगळे मामा म्हणत होते म्हणून मीही मामाच म्हणतो, ऐन तरुणपणी ठेकेदाराकडे याच जाळीच्या कामावर होते. पंचक्रोशीतली बरीच पोरं होती, म्हणाले. त्यांचं काम तारेला तार जोडून डाग द्यायचं. "दिवसभर डाग. एक चुकला तर रांग उसवायची. रात्री झोपलो तरी डोळ्यांपुढं ठिणग्या." मग जाळी वर चढवायची. "साहेब, खाली पसरलेली असते तेव्हा ती माशाच्या जाळ्यावानी वाटते. वर गेली, दोर आवळला, की टण् टण् वाजते. आमच्या म्हाताऱ्यानं बाजा विणल्या उभा जन्म. सुंभाची बाज सैल पडली की पायथ्याची दोरी वढायची, सगळी बाज ताठ. मला तिथं गेल्यावर वाटलं, हे तर घरचंच काम."

मी त्यांच्यापाशी तासभर तरी रेंगाळलो. तबकड्या फिरवणारी यंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्राने दिली, काही उपकरणं बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतून आली, ही सगळी माहिती तक्त्यांवर मोठ्या अक्षरांत आहे. डाग देणाऱ्यांचा तक्ता मला दिसला नाही. मामांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांची तक्रार वेगळी होती. "आता नवी पोरं तार बघत नाहीत, स्क्रीन बघतात. तार हातानं बघायची असते."

आता या बारा एकरांतलं पीक. खोडदची निवड झाली ती इथल्या शांततेसाठी. कानाला ऐकू येणारी शांतता नव्हे. लाउडस्पीकर खुशाल लावा. रेडिओ लहरींची शांतता. भोवती डोंगर आहेत, ते शहरांचा गोंगाट अडवतात. अक्षांश साधारण 19 अंश, त्यामुळे दक्षिणेचं बरंचसं आकाशही दिसतं. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की शेजारच्या खिशातला मोबाइल म्हणजे कीर्तनात फुटलेला सुतळी बॉम्ब. म्हणून दारातच फोन बंद करायला सांगतात. तीस तबकड्यांनी टिपलेलं सगळं काचतंतूंच्या तारांवरून एका इमारतीत येतं आणि तिथे प्रत्येक तबकडीची इतर प्रत्येकीशी गाठ घातली जाते. एकूण 435 जोड्या. पंचवीस किलोमीटरांत विखुरलेल्या तीस टाळकऱ्यांचा टाळ एकाच क्षणी पडला पाहिजे, तसा हा हिशेब आहे. एकाचा ताल सुटला की चित्र पुसट होतं.

ऐकू काय येतं? 2016च्या 19 ऑक्टोबरला युरोपचं श्यापारेली नावाचं छोटं यान मंगळावर उतरत होतं. ते मंगळाभोवतीच्या यानांशी बोलायला बनवलेलं, पृथ्वीशी नव्हे. तरी सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरांवरून त्याचा क्षीण सूर खोडदने पकडला. छत्री उघडली तोवर सूर होता. उतरायची वेळ यायच्या थोडं आधी तो थांबला. यान आदळलं होतं. त्या आघाताआधीचे शेवटचे क्षण पृथ्वीवर थेट ऐकणारी जागा जुन्नर तालुक्यात होती. आपल्या किती वर्तमानपत्रांनी त्याला पहिल्या पानावर जागा दिली असेल? मी स्वतः तेव्हा याच धंद्यात होतो आणि मला काही आठवत नाही.

दुसरी गोष्ट 2023ची. अणुरूप हायड्रोजन 21 सेंटीमीटरच्या लहरी सोडतो. विश्व पसरतं तसं लहरीही ताणली जाते. दूरच्या, म्हणजे जुन्या दीर्घिकेतून निघालेली आपल्यापर्यंत येताना लांब होते. मीटरभर लांबीच्या लहरी ऐकणारी दुर्बीण बांधण्यामागचा हेतूच हा होता. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी इथे टिपलेल्या माहितीतून अशी एक दीर्घिका शोधली, जिची 21 सेंटीमीटरची लहर ताणून 48वर आली होती. विश्वाचं वय 490 कोटी वर्षं असतानाचा तो निरोप. मध्ये आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेने भिंगाचं काम केलं म्हणून तो ऐकू आला. स्वरूप यांना याहून कितीतरी मागचा हायड्रोजन हवा होता, दीर्घिका बनायच्याही आधीचा. तो अजून सापडायचा आहे. तक्त्यांवर हे लिहायला हरकत नसावी; मुलांना न सुटलेली गणितंच आवडतात.

शांततेची किंमत मात्र भोवतालच्या गावांनी मोजली आहे, आणि हे जत्रेत कुणी बोलत नाही. बाहेर चहाच्या गाड्यावर बोलतात. मोठे कारखाने या टापूत येऊ शकले नाहीत. चाकणला गाड्यांचे कारखाने आले, इकडची पोरं तिकडे कामाला गेली. आता पुणे-नाशिक वेगवान रेल्वेची आखणी दुर्बिणींमुळे बदलायची ठरली. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या ठिणग्या म्हणजे या दुर्बिणींना कानठळ्याच. वैज्ञानिकांचं म्हणणं चुकीचं नाही. पण चहावाल्याचंही खोटं नाही: "आकाशाचं ऐकतात, आमचंही थोडं ऐका." मामा दोन्हीकडचे. ते म्हणाले, पूर्वी घरोघर टीव्हीच्या अँटेनाला बूस्टर असायचे तेव्हा प्रकल्पाची माणसं गावातून हिंडायची, कुणाच्या छपरावरून आवाज येतोय ते शोधत. "आम्हाला वाटायचं, चोर शोधतायत."

भारताने आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या एसकेए या महादुर्बिणीसाठी 1,250 कोटी रुपये मंजूर केले आहेत. तिच्या हालचाली सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुण्याच्या केंद्राचा मोठा वाटा आहे. इथे आवारात मात्र दुपारी पोरं आपापली मॉडेलं मांडून बसली होती. ज्वालामुखी होता, ठिबक सिंचन होतं, आणि जुन्नरच असल्याने बिबट्या आला की भोंगा वाजवणारी यंत्रं मोजून चार. एका पोराचा भोंगा भलत्याच वेळी वाजायला लागला आणि बंद होईना. त्याचे गुरुजी घामाघूम. शेवटी मामांनीच जाऊन त्याची तार उपटली.

मामांनी संध्याकाळी घरी नेलं. घर वाडीवर, उसाच्या कडेला. अंगणातून लांबच्या हातावरची एक तबकडी दिसते. वारा सुटला होता. ती हळूहळू वळत तोंड सरळ आभाळाकडे करून थांबली. जोराचा वारा असला की अशाच उभ्या करतात, मामा म्हणाले. मामींनी चहा आणला. मी कडुनिंबाखालच्या बाजेवर टेकलो. नायलॉनची दोरी, पण वीण जुन्या पद्धतीची. मामा माझ्याकडे बघत होते, मला वाटलं काही सांगणार.

"उठा जरा पाव्हणं," ते म्हणाले. "पायथ्याला सैल पडलीया."

मी उठलो. त्यांनी पाय लावून दोरी ओढली, गाठ मारली आणि बोटाने टिचकी मारून बघितली.