पंचतारांकित बिल आणि घरचा हिशेब

गेल्या महिन्यात आमच्या विवाहास पंचवीस वर्षे पूर्ण झाली. कळंबसारख्या गावात अशा प्रसंगी सत्यनारायण घालावा, आप्तेष्टांना जेवावयास बोलवावे आणि फारच हौस असेल तर भिगवणला जाऊन उजनीच्या पाण्यातील मासे खावेत, अशी साधारण रीत आहे. परंतु पुण्यात नुकतीच नोकरीस लागलेल्या आमच्या कन्येने पहिल्या पगारातून आम्हांस तेथील एका पंचतारांकित हॉटेलात जेवू घालण्याचा हट्ट धरला. तिची आई, धाकटा भाऊ, ती आणि मी असे चौघे त्या थंडगार, मंद प्रकाशाच्या दालनात दोन तास बसलो. जेवण उत्तम होते. बिल सोळा हजार चारशे रुपये झाले.

हा आकडा वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडली असेल. माझ्याही पडली होती. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला कोणताही आकडा एकटा पाहवत नाही. तो लगेच दुसऱ्या आकड्याशेजारी नेऊन बसविण्याची त्याला खोड असते. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग-खर्च पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात एका माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये आहे. त्यात धान्य, दूध, भाजीपाला, कपडालत्ता, औषधपाणी, प्रवास असे सारे आले. आमचे जेवण माणशी ४,१०० रुपयांना पडले. म्हणजे खेड्यातील सरासरी माणूस ज्या पैशात महिना काढतो, तेवढे आम्ही प्रत्येकी एका बैठकीत संपविले.

एवढे पैसे अन्नाचे नसतात, हे उघड आहे. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. काही वस्तू महाग असूनही घेतल्या जातात असे नव्हे, तर त्या महाग असतात म्हणूनच घेतल्या जातात, हे त्याचे निरीक्षण अशा हॉटेलांना तंतोतंत लागू पडते. आपली करपद्धतीही जणू त्यास दुजोरा देते. ज्या हॉटेलातील खोलीचे एका दिवसाचे भाडे साडेसात हजार रुपयांहून अधिक असते, तेथील उपाहारगृहाच्या बिलावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. रस्त्यावरच्या स्वतंत्र उपाहारगृहास तो ५ टक्के आहे. ताटातील डाळ तीच असली, तरी तिच्यावरील कर वरच्या मजल्यावरील पलंगाच्या भाड्यावरून ठरतो!

तरीही अशा जेवणावर उधळपट्टीचा शिक्का मारून मोकळे होणे मला प्रशस्त वाटत नाही. घराबाहेर, पैसे देऊन, अनोळखी माणसाच्या शेजारी बसून खाणे याला आपल्या समाजात एक वेगळा अर्थ आहे. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाने केवढे वादळ उठविले होते, याचे वाचकांना स्मरण असेल. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही त्या पेल्याबद्दल प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावे लागले. जेथे चहाचा पेला धर्म बुडवू शकत होता, तेथे पंगतीत कोणी कोठे बसावे आणि कोणी मुळीच बसू नये, हे काय सांगावे? म्हणूनच घटनाकारांनी राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा मुद्दाम उल्लेख करून धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणाने तेथे कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे नमूद केले. हॉटेलच्या दारात आज पैसा विचारला जातो, जात विचारली जात नाही. पैशाची भिंत काही कमी उंच नाही. पण ती निदान कधीमधी एखाद्या पगाराने ओलांडता येते. आमच्या कन्येने ती ओलांडली, याचा मला मनोमन अभिमान वाटला.

गावातील जुन्या पंगतीचे गोडवे आपण नेहमी गातो. लापशी, आमटी-भात, पत्रावळी, वाढणाऱ्यांची लगबग आणि यजमानाचा आग्रह यांत जो आपलेपणा होता, तो पंचतारांकित हॉटेलातील अदबशीर हास्यात नाही, हे खरेच. परंतु त्या आपलेपणाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडत होता? घरोघरी आलेगेले जेवून उठल्यावर, भांड्यांच्या तळाशी उरलेले घेऊन चुलीपाशी जेवावयास कोण बसत होते? हे प्रश्न त्या संध्याकाळपर्यंत मला फारसे पडले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. ते पडले बिलामुळे.

जेवण झाल्यावर वेटरने बिलाचे कातडी पाकीट, काहीही न विचारता, माझ्यासमोर आणून ठेवले. टेबल राखून ठेवले होते कन्येने, पैसे देणार होती ती, परंतु चौघांतील बिल देणारा तो पुरुषच, असे त्याने गृहीत धरले. यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. ही रीत फार जुनी आहे. युरोप-अमेरिकेतील उंची उपाहारगृहांत स्त्रीच्या हाती देण्यात येणाऱ्या दरपत्रकावर दरच छापलेले नसत. पदार्थ तिने निवडावेत, किंमत मात्र पुरुषाने पाहावी! १९८० साली लॉस एंजलिस येथील एका उपाहारगृहाविरुद्ध या प्रथेबद्दल दावा दाखल झाला, तेव्हा त्या उपाहारगृहाने ती सोडून दिली.

मी पाकीट कन्येकडे सरकविले. तिने ते आईच्या हाती दिले. बिलात एक ओळ सेवाशुल्काची होती. मी सवयीप्रमाणे व्याख्यान सुरू केले : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे काढली, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती वैध ठरविली, सेवाशुल्क सक्तीचे करता येत नाही, आपण ते वगळावयास सांगू शकतो. शिवाय हे पैसे वाढणाऱ्यांपर्यंत पोचतातच असेही नाही.

पत्नीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “राहू द्या हो. वाढणाऱ्याचेही काही होते, हे इथे निदान लिहिलेले तरी आहे. माझे पंचवीस वर्षांचे किती झाले, ते सांगा.”

आम्ही सारे हसलो. परंतु घरी आल्यावर मी खरोखरच कागद घेऊन बसलो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, आपल्या कुटुंबासाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात. असे काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे आहे. (माझी ८८ देखील भरत नाहीत, हे येथेच सांगून टाकतो.) २८९ मिनिटांचे वर्षाला सुमारे १,७५८ तास होतात. वालचंदनगरच्या कारखान्यामुळे पाळी हा शब्द आमच्या भागात सर्वांच्या परिचयाचा आहे. आठ तासांची पाळी धरली तर या वर्षाला २२० पाळ्या झाल्या. पंचवीस वर्षांचे तास ४४ हजारांच्या घरात जातात. त्या रात्रीचे १६,४०० रुपये ही त्या श्रमाची फेड मानली, तर दर पडतो तासाला सुमारे ३७ पैसे. आणि तेही मी दिलेले नव्हते.

अर्थशास्त्राला हे कोडे अपरिचित नाही. पिगू या केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञाने १९२० च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते की, एखाद्या गृहस्थाने पगारी घरकामवालीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते. काम तेच राहते, पगार तेवढा थांबतो. शंभर वर्षे हे उदाहरण आम्ही वर्गात सांगतो, विद्यार्थी हसतात आणि आम्ही पुढील प्रकरणाकडे वळतो. हॉटेलातील आचाऱ्याने केलेली डाळ राष्ट्रीय उत्पन्नात मोजली जाते. घरी केलेल्या डाळीतील शिजविण्याचे श्रम मोजले जात नाहीत. गृहिणीच्या हातातील दरपत्रकावर आजही दर छापलेले नाहीत, असाच याचा अर्थ नव्हे काय?

दर छापले जातात, पण केव्हा? जानेवारी २०२१ मध्ये मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरणे ही तिच्या श्रमांना दिलेली मान्यता आहे, असे स्पष्ट केले. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु ज्या बाईचे मोल असे ठरविले जाते, ती ते ऐकावयास हयात नसते, ही त्यातील दुःखद बाब होय.

हा केवळ मध्यमवर्गीय घरांचा प्रश्न आहे, असे कोणी समजू नये. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या इंदापूर-बारामतीच्या शिवारात उतरतात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. बाई पहाटे उठून भाकऱ्या थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते; हिशेब मात्र बहुधा नवऱ्याशी होतो. येथे तर बाजारात विकलेल्या श्रमालाही तिचे स्वतंत्र नाव नाही. आमच्या हॉटेलातील बिलाच्या पाकिटाचा आणि या कोयत्याचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही.

मग उपाय कोणता? घरकामास वेतन द्यावे, अशी मागणी पाश्चात्त्य देशांत १९७० च्या दशकापासून केली जाते. नवऱ्याने बायकोला पगार द्यावा, ही कल्पना मला पटत नाही. त्यात नाते मालक-नोकराचे होते आणि काम तिच्याच गळ्यात कायमचे राहते. त्याहून अधिक शहाणपणाची वाट याच महाराष्ट्राने दाखविली आहे. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा स्वखुशीने पत्नीच्या नावे केला. तो उपकार म्हणून नव्हे, तर ऋणाची कबुली म्हणून करावयाचा होता, हे त्याचे वैशिष्ट्य. ऋण मान्य केल्यावर वाट्याचा विचार सुरू होतो : मालमत्तेतील तिचा वाटा आणि घरकामातील आपला वाटा. ऊसतोडीतही बाईचे नाव, तिची उचल आणि तिचा हिशेब स्वतंत्र लिहिला जाणे हे याच न्यायाचे पुढले पाऊल ठरेल.

वर्षातून एखाद्या प्रसंगी कोणी महागड्या हॉटेलात जेवले तर समाज बुडत नाही. ज्या बाईने पंचवीस वर्षे इतरांना आधी वाढले, तिला एक दिवस कोणी आधी वाढले, याचे मोल मी कमी लेखणार नाही. त्या संध्याकाळी गरम पोळी प्रथम तिच्या ताटात पडली, तेव्हा सवयीने ती उचलून मुलाच्या ताटात टाकण्यास तिचा हात पुढे झाला होता. कन्येने तो धरला. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. मात्र अशा एका रात्रीने आपले खाते चुकते झाले, असे मानून जो नवरा समाधानाने ढेकर देतो, तो स्वतःची फसवणूक करून घेतो. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आमच्या स्वयंपाकघरातील दिवा नेहमीप्रमाणे तिनेच लावला.

गेल्या आठवड्यात मी ग्रामपंचायतीत जाऊन आमच्या घराच्या उताऱ्यावर तिचे नाव सहमालक म्हणून लावण्याचा अर्ज दिला. सकाळचा चहा आणि रात्रीची भांडी हीही आता माझ्याकडे आहेत. भांडी अजून नीट निघत नाहीत, असे तिचे मत आहे. ते बरोबर आहे.